नावडतीचं मीठ

बुदैया रस्त्याच्या कडेला, सारच्या व्हिलांसमोर,
एका गुलाबी व्हॅनमध्ये
मी कुत्र्यांना आंघोळ घालतो.
हे भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "कुत्र्यांका न्हाणवतस?
नि तेचे पैशे गावतत?"

गावतात.
पगमागे अर्धा दिनार बक्षिशी.
पूडलमागे एक, कारण पूडल म्हणजे शिंपीकाम,
माप चुकलं की मालकीण रडते.

हिशेबाच्या वहीत रकाने आखले:
नाव, वजन, चावतो का, जात.
शेवटचा शब्द माझ्याच अक्षरात बघून
पेन जरा अडखळलं.
इथे तो शब्द किती सहज विचारतात,
आणि उत्तर ऐकून कुणी पाण्याचं भांडं हलवत नाही.

आता आवडनिवड म्हणाल तर आहे.
पग आवडतो. कपाळाच्या घड्या कापसाने पुसताना
आमच्या पतपेढीचे मॅनेजर आठवतात:
कर्ज नाकारून स्वतःच दुःखी झालेले.
लॅब्रॅडॉर सगळ्यांना आवडतो, त्यालाही सगळे आवडतात,
त्यात आपल्या वाट्याला वेगळं असं काही येत नाही.
पॉमेरेनियन नको.
अंगठ्यावरचे तीन टाके लूलूचे, वजन पावणेदोन किलो.
आणि ज्याला बघून मारिव्हिक व्हॅनचं दार लावून घेते
तो रॉटवायलर, ड्रायर सुरू झाला
की माझ्या काखेत डोकं खुपसतो.

रिफाच्या बू खलफांची रीम मात्र वेगळी.
कुत्रा म्हटलेलं त्यांना चालत नाही.
"ही सलुकी," एवढंच म्हणतात.
ती टेबलावर उभी राहते, रांगेत उभं राहावं तशी,
पाय लांब, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे.
दोन वर्षांत एकदाही शेपूट हलवली नाही.
माझी सगळ्यात आवडती तीच.
का, ते मला सांगता येत नाही.

आणि नावडती म्हणजे हस्की.
एक विंचरली की दुसरी निघते,
डोळे नसलेली, तेवढीच मोठी, जमिनीवर.
निळ्या डोळ्यांपायी लोक पिल्लू घेतात,
मग जून येतो.
टुंड्राच्या साहेबांची बदली मे महिन्यात झाली.
मांजर विमानाने गेली.
टुंड्रा आमच्या गोदामात आली, चार दिवसांसाठी.
आता ऑगस्ट आहे.

तिच्यासाठी एसी अठरावर.
गुदैबियाच्या खोलीत आम्ही चौघे, एसी पंचविसावर,
तोही रात्री दोनला बंद, असा ठराव.
कुणीतरी तिच्याजवळ झोपायला हवं, म्हणून मी.
बाहेर डांबर उलटा हात टेकवू देत नाही,
आणि आत मी दोन चादरी घेऊन कुडकुडतो.
डाळीत केस. दाढीच्या ब्रशात केस.
पासपोर्टमधून परवा एक पांढरा केस निघाला,
व्हिसाच्या पानावर, खुणेसाठी ठेवावा तसा.

कामावरून येतो तेव्हा घाम सुकून
मनगटावर पांढरी रेघ उमटलेली असते.
ती उठते, काही न बोलता ती रेघ चाटते,
आधी डावा हात, मग उजवा,
सावकाश, भांडं घासून पुसून ठेवावं तशी.
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात.
माझं मीठ तिला कसं लागतं,
ते विचारण्याची भाषा माझ्याकडे नाही.

पहाटे तीनला ती मान वर करून सुरू होते.
तिनेही बर्फ बघितलेला नाही, मीही नाही.
भावाचा फोन नेमका तेव्हाच,
भरतीच्या आधी होडी काढतो तो.
"ता कोण रडता रे थंयसर?"
"कुत्रो."
"कसलो?"
मी जात सांगणार होतो.
"आमचोच," म्हटलं,
आणि एसी एकोणीसवर नेला.
तिने बघितलं.
परत अठरावर आणला.